तिसरा सूर, थोडा खाली

बाईंचा उजवा हात मांडीवरून उठला आणि छातीपर्यंत आला. तळवा वर, बोटं जुळलेली. हात वर करायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि तो उठल्याचं खुद्द बाईंच्याही जरा उशिराच लक्षात आलं.

समोर खुर्चीत बापू बसले होते, बाईंचे यजमान. आजाराने त्यांची उजवी बाजू लुळी पडली होती, म्हणून स्पीच थेरपिस्टने त्यांचा डावा हात टेबलावर ठेवून घेतला होता. ती मुलगी त्यांच्या बोटांवर आपली बोटं हलकेच आपटत चार सुरांची एक साधी ओळ गुणगुणत होती, पुन्हा पुन्हा, न कंटाळता. बऱ्याच वेळाने बापूंनी तोंड उघडलं. आधी नुसती हवा आली. मग घशाच्या तळातून एक घोगरा आवाज निघाला, धडपडत पहिल्या सुराला चिकटला, दुसऱ्यावर चढला आणि तिसऱ्याला पोचायच्या आत घसरला. नेमका तेव्हाच बाईंचा हात उठला होता. वर घे, असं तो हात सांगत होता.

बापूंनी हात पाहिला आणि तोंड मिटलं. ओठसुद्धा आत ओढून घेतले. थेरपिस्टने आणखी थोडा वेळ ओळ म्हटली, मग त्यांच्या बोटांवरून आपला हात काढून घेतला.

"आज राहू दे काका. छान झालं," ती म्हणाली.

छान काही झालेलं नव्हतं, हे खोलीतल्या तिघांनाही कळत होतं.

तो हात तसा नावाजलेला होता. शाळांमधून गाणं शिकवायला जाणारे कितीतरी शिक्षक विद्यापीठात बाईंच्या हाताखाली तयार झाले, आणि त्यांना पहिला धडा हाच मिळे. मुलाला चुकलास म्हणायचं नाही, रागवायचं नाही, मध्ये थांबवायचं नाही. नुसता हात वर न्यायचा. मूल हाताकडे बघतं आणि सूर आपोआप उचलतं. बाईंनी यावर पुस्तक लिहिलं, ते परक्या भाषांमध्ये गेलं, आणि गेल्या वर्षी त्यांना शिक्षणक्षेत्रातला फार मोठा सन्मान मिळाला. त्याचं काचेचं मानचिन्ह दिवाणखान्यात होतं. 'एकाही मुलाला गप्प न बसवणाऱ्या शिक्षिकेस', असं त्यावर कोरलं होतं.

थेरपिस्ट बाईंना बाहेरच्या बाकापाशी घेऊन आली.

"माझं चुकलं," बाईंनीच सुरुवात केली. "सवयीचा हात आहे. आवरला नाही."

"असू दे हो," ती म्हणाली. "आम्हाला वाचायला होतं तुमचं पुस्तक. पण बाई, इथे सूर बरोबर यायची गरजच नाहीये. काकांना सगळं समजतं. शब्दही आत आहेत, फक्त बाहेर यायची वाट बंद झालीय. काहीजणांना गाण्याच्या वाटेने शब्द सापडतात. एखादी चाल बसली की तिच्यात रोजचं वाक्य घालायचं. पाणी दे, भूक लागली, असलं काहीतरी. सगळ्यांना जमतं असं नाही. पण त्यांनी तोंडच उघडलं नाही, तर माझ्या हातात काही राहत नाही."

"आणि तोंड उघडायला त्यांनी वेळ घेतला तर?"

"जी काही सुधारणा व्हायची ती बहुतेक सुरुवातीच्या महिन्यांत होते. आणि तेच महिने जातायत," ती म्हणाली.

बाईंनी पर्सचा बंद उगाचच घट्ट केला.

"माझी चाल त्यांना परकी आहे," थेरपिस्ट म्हणाली. "ओळखीची असेल तर घसा आपणहून धावतो. ते काय गुणगुणायचे? दाढी करताना, बूट घालताना?"

"ते नाही गुणगुणत."

"कुणीही गुणगुणतं हो बाई."

"आमच्या घरात नाही," बाई म्हणाल्या. मग आपण काय म्हणालो ते त्यांनाच ऐकू आलं, आणि त्या खोलीच्या बंद दाराकडे बघत राहिल्या.

बापूंचा आणि सुराचा छत्तीसचा आकडा, हा घरातला जुना विनोद होता. बापू वजनकाटे दुरुस्त करायचे. दुकानांचे, गोदामांचे, दवाखान्यांचे. काटा केसभर हलला तरी त्यांना दिसायचा, आणि सूर मैलभर हलला तरी पत्ता लागायचा नाही, असं सगळे म्हणत, आणि सगळ्यात मोठ्याने हसत ते स्वतः बापूच. सन्मानाच्या समारंभात एका पत्रकाराने त्यांना गाठून विचारलं होतं, तुम्हीही गाता का? बापू म्हणाले, "छे हो. मी टाळ्या वाजवतो. त्या ताल सोडून गेल्या तरी कुणी ओरडत नाही." त्याच पत्रकाराला बाईंनी सांगितलं होतं, की दिवसभर कानांवर इतकं काही पडतं, घरी आलं की मला शांतता लागते, आणि ती मला मिळते, हे माझं भाग्य. ते छापूनही आलं होतं. बापूंनी कात्रण जपून ठेवलं होतं.

पुढच्या दोन्ही भेटींत बापूंनी तोंड उघडलं नाही. घरीही तेच. बाई ओळ म्हणायला लागल्या की ते खिडकीकडे बघायचे. रागाने नाही, राग परवडला असता. एखाद्याच्या कामात आपली लुडबुड नको म्हणून माणूस बाजूला सरकतो, तसे ते सरकायचे. बाईंना जन्मात कधी इतकं हतबल वाटलं नव्हतं. वर्गात शेवटच्या बाकावर पाठ फिरवून बसलेल्या पोरांना त्यांनी गायला लावलं होतं. एकदा तर तिकीट विकणाऱ्या माणसाला फलाटावर एक ओळ म्हणायला लावली होती. आणि हा घरचा माणूस, ज्याच्या खोकल्यावरून त्यांना हवा बदललेली कळायची, तो काय गुणगुणतो हे त्यांना सांगता येत नव्हतं.

समोरच्या फ्लॅटमध्ये बापूंची थोरली बहीण राहायची. मधे फक्त जिन्याची चिंचोळी मोकळी जागा. यजमान गेल्यापासून वन्सं एकट्याच होत्या, गुडघ्यांनी हैराण, पण जीभ ठणठणीत. त्या दिवशी दुपारी त्या नेहमीसारख्या थर्मास घेऊन आल्या. भाऊ झोपलाय असं बघून त्यांनी बाईंनाच कप भरून दिला.

"घे. तोंड बघ कसं झालंय, परीक्षेत नापास झाल्यासारखं."

"झालेच आहे," बाई म्हणाल्या. आणि कप हातात धरून, फारशी आशा न ठेवता, त्यांनी विचारलं, "वन्सं, हे लहानपणी कधी काही गुणगुणायचे का हो?"

"लहानपणी कशाला? आजारी पडायच्या आधीच्या रविवारपर्यंत."

बाईंनी कप खाली ठेवला.

"कुठे?"

वन्संनी बापूंच्या खोलीकडे एक नजर टाकली आणि गुडघ्यावर हात दाबून उठल्या. "चल माझ्याकडे. इथे नको."

बाई त्यांच्यामागून समोर गेल्या. आत येताच वन्संनी दार लावून घेतलं, कडीसुद्धा घातली. स्वयंपाकघरात खिडकीखाली एक लाकडी खुर्ची होती. वन्संनी तिच्याकडे बोट दाखवलं.

"ही खुर्ची बघ. हिचा पाय दुरुस्त करायला तुझा नवरा इतकी वर्षं दर रविवारी इथे येतोय. तुला कधी वाटलं नाही, की हे लाकूड आहे की बिस्कीट?"

"मला वाटायचं, तुमच्या हातच्या चहासाठी येतात."

"माझा चहा तो बेसिनमध्ये ओततो. मीच स्क्रू सैल करून ठेवायची शनिवारी. बसायचा इथे फरशीवर, हत्यारं मांडायचा, आणि पहिलं वाक्य ठरलेलं. ताई, दार लाव. मी म्हणायची, अरे कोण ऐकतंय? तर म्हणायचा, तिच्या कानांवर दिवसभर पोरं नाचलेली असतात. घरी तरी कानांना आराम पडू दे. मग मी दार लावायची आणि हा सुरू. एकच चाल, तासभर. एकदा म्हटलं, बापू, दुसरं काहीतरी घे, भिंतींना पाठ झालं हे. तर म्हणतो, मला एवढंच येतं."

बाई त्या खुर्चीवर बसल्या. पाय खरोखरच डुगडुगत होता. त्यांना वाईट वाटलं, पण ते नंतर. आधी वाटला तो हेवा. या स्वयंपाकघराचा, या गुडघे धरून बसलेल्या म्हातारीचा, इतके रविवार जिच्या वाट्याला आले तिचा. स्वतःच्या नणंदेचा असा हेवा वाटावा याची त्यांना लाज वाटली, आणि तरीही तो जाईना.

"तुम्ही मला सांगितलं का नाही कधी?"

"शपथ घातली होती त्याने. आणि खरं सांगू? मला बरं वाटायचं. तुझ्याकडे सगळं होतं. हे एवढं माझ्याकडे होतं." वन्संनी डोळ्यांना पदर लावला नाही, की आवाज कातर केला नाही. "आता काय करायचं ते सांग."

"मला ते ऐकायचंय."

"मी म्हणू? तुझ्यासमोर?" वन्सं पहिल्यांदाच गडबडल्या. मग खिडकीकडे तोंड करून, भांडं घासल्यासारखा हात हलवत, त्यांनी म्हणायला सुरुवात केली. चाल अशी नव्हतीच. वर जायला हवं तिथे सपाट, सपाट असायला हवं तिथे उडी. बाई डोळे मिटून ऐकत होत्या, आणि त्यांना काही म्हणजे काही ओळखू येत नव्हतं. मग त्यांनी सूर सोडून दिले आणि नुसती लय धरली. लांब, आखूड, लांब, लांब. पुन्हा लांब, आखूड.

"थांबा," त्या म्हणाल्या. "हे माझं आहे."

"तुझं असणारच. त्याला दुसरं कुणाचं कशाला येईल?"

"नाही, तसं नाही. हे पुस्तकात नाही. हे कुठेच नाही."

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातली गोष्ट. नवी नोकरी, पुस्तकाचं पहिलंच काम, दोन खोल्यांचं घर. बाईंनी लहान मुलांसाठी जिना चढण्याची एक चाल बांधली होती, आणि कित्येक दिवस पोळपाटाशी उभ्या राहून तीच घोळवली होती. मग वर्गात नेली. मुलांना पहिल्या ओळीतला तिसरा सूर काही केल्या लागेना. चाल चुकली, मुलं नव्हे, असं म्हणून बाईंनी ती टाकून दिली आणि विसरल्या. शब्दही आता आठवत नव्हते. टाकलेली ती चाल बापूंनी उचलून ठेवली, आणि त्यांनाही तिसरा सूर कधी लागलाच नाही.

बाईंना रडू आलं. त्या रडल्या, आणि वन्संनी त्यांना रडू दिलं.

नाक पुसून झाल्यावर बाईंनी ती ओळ म्हणून पाहिली. स्वच्छ, कोरी, चार सुरांची ओळ.

"असं नाही," वन्सं म्हणाल्या.

"हे बरोबर आहे वन्सं. मीच बांधलंय."

"बरोबर असेल गं. पण हे तुझं झालं. त्याचं असं नाहीये. तो तिसऱ्याला खाली येतो."

बाईंनी तिसरा सूर खाली आणला. वन्संनी मान हलवली. आणखी खाली आणला, तर तो दुसऱ्याच कुठल्यातरी नेमक्या सुरावर जाऊन बसला. इतक्या वर्षांचा घसा, तो मधल्या जागेत थांबायलाच तयार नव्हता. जागा दिसली की बसायचा.

"फार चांगलं म्हणतेस," वन्सं वैतागून म्हणाल्या. "जरा वाईट म्हण की."

"जमत नाहीये हो."

"विद्यापीठात शिकवतेस ना? मग जमव." आणि वन्संनी आपला हात पुढे केला, तळवा खाली, आणि बाई म्हणू लागल्या तसा तो हळूहळू खाली आणला. "खाली. आणखी थोडं. आता वर नको जाऊस, तिथेच लोंबकळ. हं. आता बापू आला."

बाईंना हसू फुटलं, आणि हसताना सूर पुन्हा बरोबर लागला, म्हणून वन्संनी कपाळाला हात लावला. दोघी किती वेळ तशा बसल्या होत्या कोण जाणे. वन्सं एका क्षणी म्हणाल्या, की आता तू बाहेर कुठे हे म्हणू नकोस, सन्मान परत मागतील. शेवटी तो सूर बाईंच्या घशात कसाबसा मुक्काम करू लागला. ना वर, ना खाली. ज्याला कुठल्याही पुस्तकात नाव नाही अशा जागी.

त्या घरी परतल्या तेव्हा बापू जागे होऊन खुर्चीत बसले होते. खिडकीतून ऊन टेबलावर आलं होतं. वन्सं मागोमाग आल्या, पण उंबऱ्यातच थांबल्या. खोलीचं दार उघडंच होतं.

बाई बापूंच्या डाव्या बाजूला बसल्या. त्यांनी आपला उजवा हात मांडीखाली घातला आणि त्यावर नीट वजन टाकून बसल्या, अगदी शाळेतल्या खोडकर पोरासारख्या. डाव्या हाताची बोटं बापूंच्या बोटांवर ठेवली. लांब, आखूड, लांब, लांब. बोटांनी लय धरली तेव्हा बापूंची नजर खिडकीतच होती. मग बाईंनी ओळ म्हटली, आणि ऐन वेळी घशाने दगा दिला. तिसरा सूर लागायला हवा तसा लागला, गोल आणि लखलखीत.

बापू खिडकीकडे बघत राहिले.

"खाली," उंबऱ्यातून वन्सं पुटपुटल्या.

बाईंनी श्वास घेतला. पहिला सूर. दुसरा. तिसऱ्याच्या आधी त्यांनी डोळे मिटले आणि फरशीवर बसून खुर्चीचा पाय पिळणारा माणूस नजरेसमोर आणला. सूर घसरला आणि मध्येच कुठेतरी लोंबकळला. मांडीखालच्या हाताला मुंग्या आल्या होत्या.

बापूंनी मान वळवली.

आधी त्यांनी बाईंकडे पाहिलं, मग उंबऱ्यातल्या बहिणीकडे. चोरी पकडली गेलेल्या माणसासारखा त्यांचा चेहरा झाला, आणि मग तोंडाची डावी बाजू हळूच वर गेली. हसत होते. बाईंनी ओळ पुन्हा म्हटली. या खेपेला त्यांच्या आवाजाच्या खालून दुसरा एक आवाज निघाला, घोगरा, जाड, आणि तिसऱ्या सुराला दोघेही एकाच चुकीच्या जागी भेटले. बाईंच्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं गाणारी माणसं ऐकून त्यांना असं कधी झालं नव्हतं.

थेरपिस्टने सांगितलं होतं तसं मग त्यांनी चालीत शब्द घातले. "पाणी दे ना," त्या म्हणाल्या, त्याच चालीवर. बापूंनी बोटं आपटली, पण शब्द घेतले नाहीत. "पाणी दे ना," पुन्हा. बापूंनी मान हलवली. नको, पाणी नको. त्यांच्या कपाळावर शिरा फुगली. ओठ एका आकारात आले, सुटले, परत आले. बाईंनी शब्द सोडून नुसती चाल धरून ठेवली.

"दा," बापू म्हणाले. "दा… र…"

बाई गुणगुणत राहिल्या. थांबायचं नाही एवढंच त्यांना कळत होतं.

"ला… व."

आणि पुन्हा, आता एकसंध, चालीवर, तिसरा सूर थोडा खाली, "दार लाव."

वन्संनी तोंडावर हात दाबून धरला. मग त्या मागे वळल्या आणि भिंतीचा आधार घेत जिन्यापलीकडच्या आपल्या घरात निघून गेल्या.

बाई उठल्या. दारापर्यंत गेल्या आणि कडीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. हे दार कुणासाठी लावलं जायचं ते त्यांना आता माहीत होतं. आपण त्याच्या कुठल्या बाजूला उभं राहायचं, हे विचारायला त्यांना तोंड उघडवेना. वळून बघायचंही धाडस होईना.

मागे टेबलावर बोटं आपटली. लांब, आखूड, लांब, लांब. मग थांबली. मग पुन्हा पहिल्यापासून, कुणीतरी साथीला यायचं राहिलंय अशी.

बाईंनी दार आतून लावलं आणि परत येऊन त्यांच्या डाव्या बाजूला बसल्या.